जोखीम जाते कुठे?

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्याचं छत इतकं देखणं आहे की आत शिरणाऱ्या प्रत्येकाची मान वर जाते आणि उजव्या भिंतीवरचं जहाज बघायचं राहून जातं. तीन डोलकाठ्यांचं, नाळेवर डोळा रंगवलेलं हे जहाज सोपाऱ्याच्या एका व्यापारी घराण्याचं. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. घराण्यातला थोरला भाऊ भविल गोशीर्ष चंदन आणायला समुद्रापार गेला आहे. चंदनवनाची राखण करणारा यक्ष खवळतो, वादळ उठवतो. भविलाचा सावत्र धाकटा भाऊ पूर्ण हा एके काळचा नाणावलेला व्यापारी, आता भिक्षू झालेला. भावाची हाक ऐकून तो येतो आणि जहाज वाचतं. कथा चमत्काराची आहे. पण चित्रकारानं जहाजाच्या मागच्या भागात घड्यांची रांग काढली आहे आणि त्यात गोडं पाणी असावं, असं अभ्यासक मानतात. म्हणजे पूर्णावर कितीही भरवसा असला तरी पाण्याची तजवीज करूनच मंडळी निघाली होती.

सतरा नंबरच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट भलीमोठी भिंत व्यापून आहे. पाचशे व्यापारी, फुटलेलं जहाज, किनाऱ्यावर स्वागताला आलेल्या सुंदर स्त्रिया. त्या राक्षसिणी आहेत हे फार उशिरा कळतं. कथेत या सर्वांना एकच बजावणी असते: दक्षिणेच्या वाटेला जायचं नाही. बाकीचे जात नाहीत. सिंहल जातो. तिथं लोखंडी तटबंदीचं नगर आहे, आणि झाडावर चढून आत डोकावल्यावर त्याला आधीच्या जहाजांवरचे व्यापारी कोंडलेले दिसतात. खरी माहिती त्याला तेच देतात. पहिल्या लेण्यात महाजनकाची कथा आहे. जातकात तोही व्यापारासाठी सुवर्णभूमीला निघतो आणि जहाज बुडायला लागतं. इतर प्रवासी देवांचा धावा करतात. हा पठ्ठ्या पोटभर तूप-साखर खातो, दोन वस्त्रं तेलात भिजवून अंगाला घट्ट गुंडाळतो, डोलकाठीवर चढतो आणि जहाज जाताना शक्य तितक्या लांब उडी टाकतो, कारण जवळच्या पाण्यात मासे आणि कासवं माणसांवर तुटून पडलेली असतात.

या कथा इथं आल्या त्यामागे डोंगराचा भूगोल आहे. उज्जयिनी आणि प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण, यांच्यामधल्या वाटा याच डोंगररांगेतून उतरत. बारा नंबरच्या लेण्यात घनामदड नावाच्या एका वाण्यानं दिलेल्या दानाचा लेख आहे. चित्रांचा मोठा भाग पुढे पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात झाला. तेव्हाचे दाते राजेरजवाडे आणि वराहदेवासारखे मंत्री होते. तरीही भिंतींवर जहाजं बुडत राहिली. व्यापाराला निघालेल्या माणसाचं काय काय होऊ शकतं, याची जुन्या मराठी मुलखातली ही सर्वांत मोठी नोंदवही आहे, असं मी तरी मानतो.

या डोंगरापासून शंभरेक किलोमीटरवर आजच्या नोंदवह्या लिहिल्या जातात. पुण्याहून अहिल्यानगरमार्गे येताना कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की थोड्या वेळात वाळूजची औद्योगिक वसाहत सुरू होते. शहराच्या दुसऱ्या अंगाला चिकलठाणा आणि शेंद्रा, पैठण रस्त्यावर चितेगाव आणि आता बिडकीन. छत्रपती संभाजीनगरच्या या पट्ट्यात मोठ्या कंपन्या जोखीम कशी ओळखतात, तिचं काय करतात आणि शेवटी ती कुठे जाते, हे बघण्यासारखं आहे. कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उद्योगावर येऊ शकणारी जवळजवळ प्रत्येक आपत्ती या एका शहरानं भोगली आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 134 नुसार संचालक मंडळाला वार्षिक अहवालात जोखीम व्यवस्थापनाच्या धोरणाबद्दल निवेदन द्यावं लागतं आणि कंपनीच्या अस्तित्वालाच धोका पोहोचवू शकतील असे घटक मंडळाला दिसत असतील तर तेही सांगावे लागतात. सेबीच्या नियमांनी त्यात भर घातली. 2021 पासून बाजारमूल्याच्या क्रमानं पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना जोखीम व्यवस्थापन समिती सक्तीची झाली. तिची वर्षातून किमान दोनदा बैठक व्हावी लागते, तिच्यात स्वतंत्र संचालक असावा लागतो, आणि पैशाच्या जोखमीबरोबर सायबर सुरक्षा, पर्यावरण, व्यवसाय अखंड चालू ठेवण्याचा आराखडा हे सगळं तिच्या कक्षेत येतं.

प्रत्यक्षात काम सुरू होतं ते रिस्क रजिस्टरपासून. खरेदी, उत्पादन, वित्त, मनुष्यबळ, संगणक अशा प्रत्येक विभागाचा प्रमुख आपापल्या जोखमी लिहून देतो. प्रत्येकीला दोन गुण मिळतात: घडण्याची शक्यता एक ते पाच, नुकसानीची तीव्रता एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार करून हिरवा, पिवळा, लाल असा रंग भरला जातो. त्या रंगीत चौकटीला हीट मॅप म्हणतात. मग प्रत्येक जोखमीला एक मालक नेमायचा आणि उपाय ठरवायचा. उपाय मोजून चार: ती वाटच टाळायची, जोखीम कमी करायची, दुसऱ्यावर टाकायची, नाहीतर डोळे उघडे ठेवून पत्करायची. दर तिमाहीला यादी पुन्हा तपासली जाते आणि वरची दहा-पंधरा कलमं समितीपुढे जातात.

पद्धत वाईट नाही. निदान विभागांना एका टेबलाभोवती बसवते. पण या गुणाकारात एक गंमत आहे. शंभर वर्षांत एखादवेळी कारखाना भस्मसात करणारी आग म्हणजे एक गुणिले पाच. रोजच्या रोज होणारं किरकोळ रिजेक्शन म्हणजे पाच गुणिले एक. दोन्हींचं उत्तर पाच, दोन्हींचा रंग एक. फ्रँक नाइट या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं 1921 मध्येच सांगून ठेवलं होतं की जिची शक्यता मोजता येते ती जोखीम वेगळी आणि जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता वेगळी. हीट मॅपवर दोघींना एकाच मापानं गुण मिळतात.

वाळूजमध्ये 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला पुरवठादारांचं गाव वसलं. इथून निघणाऱ्या मोटारसायकली आणि तीनचाकी मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेत आणि इतर देशांत जातात. त्यामुळे इथल्या तिसऱ्या पाळीचं भवितव्य कधी कधी नायजेरियातल्या लागोसमध्ये ठरतं. फेब्रुवारी 2020 मध्ये लागोस राज्यानं शहराच्या मोठ्या भागात मोटारसायकल टॅक्सी आणि तीनचाकींवर बंदी घातली. त्याच वर्षी श्रीलंकेनं परकीय चलन वाचवण्यासाठी वाहनांची आयात थांबवली. जून 2023 मध्ये नायजेरियानं आपलं चलन बाजारावर सोडलं, नायरा कोसळला आणि तिथल्या ग्राहकाला तीच गाडी एकदम महाग झाली. यातलं काहीही वाळूजमधल्या कुणाच्या हातात नव्हतं. अशा वेळी कंपनी काय करते? एका देशावर विसंबत नाही, लॅटिन अमेरिकेत विक्री वाढवते, डॉलरचे व्यवहार आधीच बांधून ठेवते, आणि कर्ज न काढता तिजोरीत भरपूर रोकड ठेवते. बजाजच्या या रोकडीवर काही गुंतवणूकदार वर्षानुवर्षं नाक मुरडत आले आहेत, पैसा पडून आहे म्हणून. नायरा कोसळला त्या वर्षी हीच रोकड कामाला आली असणार.

रोकड सगळं मात्र विकत घेऊ शकत नाही. एप्रिल 2025 मध्ये चीननं दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर निर्यात नियंत्रणं लादली. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटरीत हे चुंबक लागतात. जुलैमध्ये बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं की पुरवठा सुरळीत झाला नाही तर ऑगस्टमध्ये विजेच्या गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. गाडीच्या एकूण किमतीत चुंबकाचा वाटा नगण्य असतो. खर्चाच्या क्रमानं लावलेल्या यादीत तो तळाला राहतो, आणि म्हणूनच नजरेतून सुटतो.

याच शहरात एका ग्राहकावरचं अवलंबित्व या जोखमीचा जणू प्रयोगच होऊन गेला. राहुल बजाज यांचे जुळे भाचे, अनुरंग आणि तरंग जैन. अनुरंग यांनी 1985 मध्ये औरंगाबादेत ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांचं काम सुरू केलं, ती एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज. तरंग यांची व्हॅरॉक 1990 च्या सुमारास सुरू झाली. दोघांचाही आधारस्तंभ बजाज ऑटो. मामाच्या कंपनीवर धंदा उभा असणं चांगलंच, पण गुंतवणूकदाराच्या हातात कागद गेला की पहिला प्रश्न हाच येतो: हा एक ग्राहक उद्या फिरला तर?

एन्ड्युरन्सनं 2006-07 च्या सुमारास जर्मनी आणि इटलीत आपल्याच कामाच्या, म्हणजे ओतकामाच्या मध्यम आकाराच्या कंपन्या घेतल्या. व्हॅरॉकनं मोठी उडी मारली. 2012 मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा मोटारींच्या दिव्यांचा जागतिक व्यवसाय 9.2 कोटी डॉलरला घेतला. बजाजवरचं अवलंबित्व एका फटक्यात घटलं. 2018 मध्ये 967 रुपये दरानं शेअर विकले गेले तेव्हा हे यश म्हणूनच मांडलं गेलं. पण अवलंबित्वाच्या जागी आता मोटारनिर्मितीच्या जागतिक चढउताराची, नव्या कारखान्यांच्या खर्चाची आणि कर्जाची जोखीम आली होती. आधी मोटारींची मंदी, मग कोविड, मग चिपची टंचाई. मार्च 2020 मध्ये शेअर विक्रीच्या दराच्या पाचव्या हिश्शाच्याही खाली गेला. 2022 मध्ये व्हॅरॉकनं अमेरिका-युरोपातला हा चारचाकी दिव्यांचा व्यवसाय फ्रान्सच्या प्लास्टिक ऑम्नियमला विकला. आधी ठरलेली 60 कोटी युरोची किंमत व्यवहार पुरा होईतो 52 कोटींवर आली होती. व्हॅरॉक आज मुख्यतः भारतातल्या कामावर उभी आहे. एका टोपलीतली अंडी दुसऱ्या टोपलीत ठेवताना ती टोपली कुणाच्या डोक्यावर आहे, हेही बघावं लागतं.

आता वोक्हार्टबद्दल. हे प्रकरण मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं, म्हणून थोडं सविस्तर.

हबील खोराकीवाला यांच्या या औषध कंपनीचे वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा इथं कारखाने, शिवाय शहरात संशोधन केंद्र. 2008-09 मध्ये परकीय चलनाच्या व्यवहारांत कंपनी अडकली, परदेशी रोख्यांची परतफेड चुकली आणि कर्जाची फेररचना करावी लागली. तिथून ती उठली, अमेरिकेतल्या विक्रीच्या जोरावर. वित्त विभागाची जोखीम आटोक्यात आली तेव्हा ज्या व्यवसायानं ती आटोक्यात आणली त्यावरच सगळा भार आला, हे ध्यानात ठेवावं. मार्च 2013 मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक वाळूजच्या कारखान्यात आले. मे महिन्यात या कारखान्यातल्या औषधांची अमेरिकेतली आयात रोखली गेली. वर्षाला सुमारे 10 कोटी डॉलरच्या विक्रीला फटका बसेल, असा अंदाज कंपनीनंच दिला. जुलैमधल्या इशारापत्रात निरीक्षकांनी काय पाहिलं ते लिहिलेलं आहे. कचऱ्याच्या ढिगात इंजेक्शनांच्या सुमारे 75 बॅचच्या अनधिकृत नोंदी अर्ध्या फाडून टाकलेल्या सापडल्या. निर्जंतुक विभागात शिरण्याआधी कपडे बदलण्याची खोली आहे, तिच्यापासून जवळच्या स्वच्छतागृहातल्या मुताऱ्यांना निचऱ्याची नळीच नव्हती. ब्रिटनच्या नियामकानं वाळूजमध्ये बनलेली 16 औषधं खबरदारी म्हणून परत मागवली. वर्षअखेर चिकलठाण्याच्या कारखान्यावरही आयातबंदी आली.

फाटलेल्या कागदांकडे पुन्हा बघा. औषध उद्योगात नोंद ही औषधाइतकीच महत्त्वाची. एखादी बॅच चाचणीत नापास झाली तर तसं लिहायचं आणि बॅच फेकायची, एवढाच नियम. दोन नोंदवह्या असतील, एक खरी आणि एक दाखवायची, तर चूक झाल्याची बातमी वर जाण्याचा रस्ताच बंद होतो. त्या कागदांवर काय होतं हे शॉप फ्लोअरवर कुणाला तरी ठाऊक असणारच. मुंबईतल्या बोर्डरूममधल्या चकचकीत यादीत नियामक जोखीम असं एक कलम बहुधा असेलही, योग्य रंगात. पण त्या कलमापासून वाळूजच्या कचऱ्याच्या ढिगापर्यंत कुणी चालत गेलं नव्हतं. परदेशातून आलेला निरीक्षक गेला. सिंहलही त्या लोखंडी तटाशी स्वतःच गेला होता. मना केलेल्या वाटेनं जाऊन बघणारा माणूस घरचा असेल तर कंपनी वाचते. तो नियामकाचा निघाला तर बातमी थेट शेअर बाजारात पोहोचते.

त्यानंतर कंपनीनं बारा वर्षं कारखाने सुधारण्यात, सल्लागार नेमण्यात आणि नव्या प्रतिजैविकांच्या संशोधनात घातली. 2025 मध्ये तिनं अमेरिकेतल्या जेनेरिक औषधांच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचं ठरवलं.

व्हिडिओकॉनची गोष्ट मोठी आहे, आणि पैठण रस्त्यानं जाताना चितेगाव लागलं की टाळता येत नाही. धूत कुटुंबानं 1980 च्या दशकात तोशिबाच्या तंत्रज्ञानानं टीव्ही बनवायला घेतले. मराठवाड्यातल्या किती घरांत रंगीत टीव्ही म्हणजे व्हिडिओकॉन होता! मग वॉशिंग मशीन, फ्रिज, 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा, इलेक्ट्रोलक्सचा भारतातला व्यवसाय, तेल आणि वायू, डीटीएच, मोबाइल सेवा. कागदावर हे आदर्श विविधीकरण होतं: टीव्ही मंदावले तर तेल आहे, तेल पडलं तर मोबाइल आहे. प्रत्यक्षात पिक्चर ट्यूब घेतल्यानंतर काही वर्षांतच जग सपाट पडद्यांकडे वळलं. मोबाइलच्या धंद्यात 2 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयानं 122 परवाने रद्द केले, त्यात व्हिडिओकॉनचे 21 होते. मोझांबिकमधल्या वायुक्षेत्रातला 10 टक्के हिस्सा ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाला 247.5 कोटी डॉलरला विकून पैसा उभा केला, पण कर्जाची तोंडमिळवणी झाली नाही. धंदे वेगवेगळे दिसत होते, त्यांच्याखाली पैसा एकच होता: बँकांचा. तेलाचा भाव, न्यायालयाचा निकाल, पडद्याचं तंत्रज्ञान यांच्यात काही नातं नव्हतं. व्याजाच्या तारखा मात्र सगळ्यांच्या एकाच वेळी येत होत्या.

जून 2018 मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. समूहातल्या तेरा कंपन्यांवर 71,433 कोटी रुपयांचे दावे दाखल झाले, त्यातले 64,838 कोटी मान्य झाले. जून 2021 मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणानं मंजूर केलेल्या योजनेत वेदांत समूहातल्या ट्विनस्टारनं देऊ केलेली रक्कम होती 2,962 कोटी, म्हणजे एकूण दाव्यांच्या 4.15 टक्के. बँकांनी किती सोडलं यावर वर्तमानपत्रांनी रकाने भरले. मला त्याच आदेशातली दुसरी एक नोंद जास्त महत्त्वाची वाटते. माल आणि सेवा पुरवणाऱ्यांना त्यांच्या मान्य दाव्याच्या जेमतेम 0.72 टक्के मिळणार होते. शंभर रुपयांचं बिल असेल तर बहात्तर पैसे. यातले बहुतेक लहान उद्योग आहेत, एवढ्या रकमेवर त्यांच्यावरच दिवाळखोरीची वेळ येईल, असं न्यायाधिकरणानं नोंदवलं आणि ही रक्कम वाढवावी अशी विनंती केली. पुढे जानेवारी 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणानं ही योजनाच रद्दबातल ठरवली.

तर जोखीम अशी प्रवास करते. वर लिहिली जाते, खाली वाहिली जाते.

हे नवं नाही, याचा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण गुंतवले. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ते ठेवले: एकीकडे दोन हजार, महिना शेकडा एक दरानं, दुसरीकडे एक हजार, महिना शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं घ्यायचं. व्यवहार निगमसभेत जाहीर झाला आणि फलकावर नोंदवला गेला. आजच्या कुठल्याही वित्त व्यवस्थापकानं शाबासकी द्यावी अशी मांडणी आहे. पैसा दोन ठिकाणी वाटला आहे, उत्पन्न ठरलेलं आहे, नोंद सार्वजनिक आहे. फक्त एक बाजू लेखात नाही: ज्या वर्षी कापड खपलं नाही त्या वर्षी विणकरांनी काय केलं? व्याज तर ठरलेलं होतं. दात्याची आणि भिक्षूंची जोखीम संपली होती. ती मागांवर जाऊन बसली होती.

वाळूजच्या शेडमध्ये हेच चालतं, वेगळ्या नावानं. मोठ्या कंपनीला गोदामात माल अडकवून ठेवायचा नसतो, म्हणून सुटा भाग लाइनवर हवा तेव्हाच यावा अशी व्यवस्था असते. कंपनीची साठ्याची जोखीम शून्याजवळ जाते. साठा मात्र नाहीसा झालेला नसतो, तो व्हेंडरच्या शेडमध्ये असतो, व्हेंडरच्या कर्जावर. शेड्यूल ऐन वेळी कमी झालं तर तयार माल तिथंच पडून राहतो. लाइन थांबली तर खापर पुरवठादारावर फुटतं. पुरवठादारही ही जोखीम स्वतःकडे ठेवत नाही. तो कायम कामगार कमी आणि कंत्राटी जास्त ठेवतो. शेड्यूल घटलं की दुसऱ्या दिवशी गेटवर पन्नास माणसांऐवजी तीस आत घेतली जातात. उरलेल्या वीस जणांपैकी कुणी वैजापूरचा, कुणी गंगापूरचा, भाड्याची खोली घेऊन बजाजनगरात राहणारा. नायजेरियाच्या चलनाची जोखीम त्याच्याजवळ येऊन थांबते, कारण त्याच्या खाली ढकलायला कुणी नाही.

कोविडच्या काळात हे उघड दिसलं. जून 2020 च्या अखेरीस बजाज ऑटोनं सांगितलं की वाळूजच्या आठ हजारांहून अधिक जणांपैकी 140 जण बाधित झाले आहेत आणि दोघांचा मृत्यू झाला आहे. कामगार संघटनेनं कारखाना काही दिवस बंद ठेवण्याची मागणी केली, कंपनीला उत्पादन चालू हवं होतं. शेवटी 10 ते 18 जुलै अशी शहरभर संचारबंदी लागली तेव्हा वाळूजही थांबलं. व्यवसाय अखंड चालू ठेवण्याचे आराखडे सगळ्या मोठ्या कंपन्यांकडे होते. त्यांत संगणक बंद पडला, आग लागली, पूर आला याची उत्तरं होती. कामावर येणं हीच भीतीची गोष्ट झाली तर, या प्रश्नाला फारशा कुणी गुण दिलेले नव्हते.

9 ऑगस्ट 2018 चंही तसंच. महाराष्ट्र बंदच्या दिवशी वाळूजमध्ये जमाव शिरला आणि अनेक कारखान्यांची मोडतोड झाली, वाहनं जाळली गेली. उद्योजक संघटना हादरल्या, परदेशी कंपन्यांच्या मुख्यालयांतून विचारणा झाल्या. वसाहतीला जमीन देणाऱ्या गावांतली मुलं शेजारच्या कारखान्यात कायम नोकरीला लागत नाहीत, ही कुरबूर मात्र त्याआधी कितीतरी वर्षं इथं सगळ्यांच्या कानावर होती. ती कुठल्या विभागप्रमुखानं यादीत लिहायची? मनुष्यबळाच्या, की सुरक्षेच्या?

पाण्याची जोखीम या शहरात सगळ्यांना पाठ आहे. जायकवाडीच्या नाथसागरातून उद्योगांना पाणी मिळतं आणि जायकवाडी भरतं नाशिक-नगरच्या धरणांतून उरलेल्या पाण्यावर. 15 ऑक्टोबरला धरणात 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, असं समन्यायी वाटपाचं सूत्र आहे. त्यामुळे दर दुष्काळात ते वरच्या शेतकऱ्यांशी न्यायालयात भांडण होऊनच खाली येतं. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी जात असताना, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्यनिर्मिती कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्यानं 60 टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांचं 25 टक्क्यांपर्यंत कापायला सांगितलं. इथं बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. त्यांनी सांडपाण्याचा पुनर्वापर वाढवला, लिटरमागे लागणारं पाणी कमी केलं, हे खरं आणि चांगलं. पण बिडकीन-शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक नगरीत आता टोयोटा किर्लोस्कर सुमारे 20 हजार कोटींचा प्रकल्प आणू पाहते आहे, एथर विजेच्या स्कूटर बनवायला येते आहे. धरण तेवढंच आहे.

अजिंठ्याच्या चित्रांच्या बाबतीत जोखमीवरचे उपाय कसे अंगावर आले, तेही इथं सांगायला हवं. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि पुढच्या काळात चित्रं झडत चालल्याची चिंता सुरू झाली. उपाय ठरला नकला करण्याचा. रॉबर्ट गिल 1844 पासून वर्षानुवर्षं इथं राहून मोठाले कॅनव्हास रंगवत राहिला. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र मांडले गेले आणि डिसेंबर 1866 च्या आगीत बहुतेक जळाले. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या. 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यांतल्याही कितीतरी गेल्या. मूळ चित्रं वाघोरेच्या खोऱ्यात होती तिथंच होती, जळाल्या त्या सुरक्षित ठेवलेल्या प्रती. आज संगणकाच्या बॅकअपबद्दल जे शिकवतात, की प्रत दुसऱ्या जागी ठेवा आणि सगळ्या प्रती एका छताखाली ठेवू नका, ते इथं दोनदा शिकून झालं होतं.

तिसरा उपाय निजाम सरकारनं केला. हैदराबाद संस्थानानं 1920 ते 1922 मध्ये इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहकारी यांना बोलावलं. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पक्का केला, आणि चित्रांवर लाखेचं लेपन दिलं. गिलावा टिकला. लाख मात्र काळाबरोबर पिवळी-काळपट झाली, रंग झाकोळले. नंतर ती काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षं गेली. त्या काळच्या उत्तम तज्ज्ञांनी, सद्हेतूनं, प्रचलित पद्धतीप्रमाणं केलेलं ते काम होतं. म्हणून मला कंपन्यांच्या रजिस्टरमध्ये एक रकाना हवासा वाटतो, जो मला तरी कुठे दिसलेला नाही: या उपायातून कोणती नवी जोखीम जन्माला येईल आणि ती कुणाकडे जाईल?

हा रकाना सरकारी उपायांनाही लागू पडतो. लहान उद्योगांचे पैसे थकतात म्हणून 2006 च्या कायद्यानं 45 दिवसांची मुदत घातली. मोठ्या कंपन्या ती पाळत नाहीत म्हणून 2023 च्या वित्त कायद्यानं प्राप्तिकरात तरतूद केली: सूक्ष्म आणि लघू उद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार नाही. तरतूद 2023-24 पासून लागू झाली. मार्च 2024 जवळ आला तशी भीती बोलून दाखवली ती ज्यांच्यासाठी कायदा होता त्या लहान उद्योजकांनीच. मोठे ग्राहक आता आपल्याऐवजी ही तरतूद लागू नसलेल्या मध्यम उद्योगांकडे काम वळवतील, असं त्यांना वाटत होतं. देशात ठिकठिकाणी काही जण तर मोठ्या ग्राहकाची ऑर्डर टिकावी म्हणून स्वतःची लघुउद्योगाची नोंदणीच रद्द करायला निघाले होते.